दोन छपरांमधली पन्हळ

मंडळी, थाय होआ महालात कधी पाऊल टाकलंत तर सिंहासन नंतर बघा, आधी मान वर करून छत बघा.

हा महाल व्हिएतनाममधल्या ह्युए शहरात आहे. न्गुएन घराण्याच्या तेरा सम्राटांचा, म्हणजे १८०२ ते १९४५ या काळातला, हा मुख्य दरबार. झा लाँगनं तो १८०५ मध्ये बांधला आणि त्याचा मुलगा मिन मांग यानं १८३३ मध्ये तो पुढे, न्गो मोन या मुख्य दरवाजाच्या दिशेनं हलवला. थाय होआ म्हणजे परम सुसंवाद. बीजिंगच्या राजवाड्यातल्या दरबाराचंही चिनी अक्षरांत हेच नाव. पण साम्य नावापुरतंच. बीजिंगचा महाल तीन टप्प्यांच्या उंच जोत्यावर चढून बसलाय. ह्युएचा आडवा पसरलेला, जमिनीला धरून.

मला यामागे पाऊस दिसतो. ह्युएचा पाऊस कोकणाला लाजवेल असा, त्यात वादळं. उंच छप्पर वाऱ्याच्या तोंडी सापडतं. पण दरबाराला खोल दालन तर हवंच, आणि दोनपाखी छपराखाली खोली वाढवायची म्हटलं की आढं वर जातंच. तिथल्या सुतारांनी काय केलं? दोन घरं एकामागे एक उभी केली आणि सांधली. दोघांच्या वळचणी भेटतात तिथे पाणी वाहून नेणारी पन्हळ, आणि तिच्या खाली कमानदार लाकडी छत, म्हणजे खालून सांधा दिसत नाही. आत उभ्या माणसाला एकच सलग दालन वाटतं. लिम नावाच्या टणक लाकडाचे ८० खांब, लाखेच्या रोगणानं लाल केलेले, आणि प्रत्येकावर ढगांतून वळसे घेत चढणारा सोनेरी ड्रॅगन. बाहेर आढ्यावरचे ड्रॅगन मात्र चिनीमातीच्या भांड्यांचे तुकडे जडवून सजवलेले. फुटक्या बशीला असा मान मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आता समोरचं पटांगण. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला मोठा दरबार भरे. सम्राट आत सिंहासनावर, अधिकारी बाहेर उघड्यावर. त्यांच्या जागा दाखवणारे दगड आजही फरशीत रोवलेले आहेत, प्रत्येकावर दर्जा कोरलेला. दर्जे नऊ. सम्राटाच्या डाव्या हाताला मुलकी, उजव्या हाताला लष्करी. वरच्या टप्प्यावर पहिले तीन दर्जे, बाकीचे खाली. बढती मिळाली की माणूस खरोखर एक दगड पुढे सरकायचा. दरबाराची सगळी उतरंड फरशीवरच मांडलेली! म्हणून मी पटांगणालाही महालाचंच दालन मानतो, फक्त बिनछपराचं.

३० ऑगस्ट १९४५ ला शेवटचा सम्राट बाओ दाई यानं राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या हवाली केली, ती मात्र या महालात नाही, तर न्गो मोनवर, जमलेल्या लोकांसमोर. पुढे १९६८ च्या लढाईत राजनगरीची फार नासधूस झाली, तरी हा महाल उभा राहिला. २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती हाती घेतली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला. आता पडद्यावर त्या पन्हळीचा छेद दाखवतो. वासे कुठे टेकलेत तेवढं नीट बघून घ्या.