कुलूपबंद खोलीचा साक्षीदार

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, फॉल्सम स्ट्रीट. सकाळची वर्दळ. कॅमेरा एका उंच इमारतीवर स्थिरावतो.]

611, फॉल्सम स्ट्रीट. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची इमारत. 2003 साली इथे सहाव्या मजल्यावर एक नवी खोली बांधली गेली. नंबर 641ए. दाराला किल्लीचं कुलूप होतं आणि वर आकड्यांचा कोडही होता. कंपनीच्या नेहमीच्या तंत्रज्ञांना आत जायला मनाई होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएसएने, ज्याची तपासणी करून परवानगी दिली असेल त्यालाच प्रवेश.

एकदा या खोलीतला भलामोठा एअर कंडिशनर गळायला लागला. पाणी झिरपून खालच्या मजल्यावरच्या यंत्रांवर पडायची भीती होती. देखभालीची माणसं होती, पण त्यांना आत जाता येईना. ज्याच्याकडे परवानगी होती तो कर्मचारी सवडीने येईपर्यंत काही दिवस गेले, आणि तोवर पाणी गळत राहिलं.

ही हकीकत लिहून ठेवली मार्क क्लाइन यांनी. बावीस वर्षांहून जास्त काळ एटी अँड टीत नोकरी केलेला तंत्रज्ञ. ऑक्टोबर 2003मध्ये त्यांची बदली या इमारतीत झाली आणि इंटरनेटच्या केबल्सची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

[दृश्य: काचतंतूंच्या केबल्सचा गुंता. एका तंतूतून प्रकाश दोन वाटांनी जाताना.]

खोलीच्या आत काय चालतं हे क्लाइन यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण तारा कुठून येतात आणि कुठे जातात, हे पाहणं त्यांचं रोजचं कामच होतं. सातव्या मजल्यावर एक कपाट होतं. त्यात स्प्लिटर बसवलेले. काचतंतूतून येणारा प्रकाश स्प्लिटरमध्ये शिरतो आणि दोन वाटांनी बाहेर पडतो. एक वाट नेहमीसारखी पुढे, तुमच्या ई-मेलकडे, तुमच्या पानाकडे. दुसरी वाट खाली, 641ए कडे. दोन्हीकडे मजकूर तोच, अक्षरन्‌अक्षर. ज्याचा मजकूर आहे त्याला पत्ताही लागत नाही.

यातली एक गोष्ट क्लाइन यांना सगळ्यात जास्त खुपली, आणि ती नीट समजून घ्यायला हवी. ज्या तारांवर हे स्प्लिटर बसवले, त्या एटी अँड टीला इतर कंपन्यांच्या जाळ्यांशी जोडणाऱ्या तारा होत्या. म्हणजे हा प्रश्न एकट्या एटी अँड टीच्या ग्राहकांचा नव्हताच. शिवाय स्प्लिटरला माणसं निवडता येत नाहीत. संशयिताचा प्रकाश वेगळा, शाळेतल्या बाईंचा वेगळा, असं काही तो जाणत नाही. जे येईल ते सगळं दुभंगतो.

2004 साली क्लाइन निवृत्त झाले. जोडणीचे काही कागद त्यांनी जपून ठेवले होते.

16 डिसेंबर 2005. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी छापली: 2001च्या हल्ल्यांनंतर राष्ट्राध्यक्ष बुश यांनी न्यायालयाच्या वॉरंटशिवाय अमेरिकेतल्या लोकांचे परदेशाशी होणारे फोन आणि ई-मेल ऐकण्या-वाचण्याची परवानगी एनएसएला दिली होती. ती वाचल्यावर क्लाइन यांना त्या खोलीचा अर्थ लागला. जानेवारी 2006मध्ये ते इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या दारात जाऊन उभे राहिले. ना ओळख, ना आधी ठरवलेली वेळ. तुम्हा लोकांना खाजगीपणाची काही पर्वा आहे का, असं त्यांनी विचारलं.

त्याच महिन्याच्या अखेरीला संस्थेने ग्राहकांच्या वतीने एटी अँड टीवर खटला भरला.

[दृश्य: जुनी तारयंत्रं, तारांचे कागद. कृष्णधवल.]

खटला कंपनीवरच का? कारण या गोष्टीला आणखी जुना इतिहास आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हापासून, 1945 ते 1975 अशी तीस वर्षं, अमेरिकेतल्या तीन मोठ्या टेलिग्राम कंपन्या देशाबाहेर जाणाऱ्या आणि बाहेरून येणाऱ्या टेलिग्रामच्या प्रती सरकारच्या हाती देत होत्या. या गुप्त मोहिमेचं नाव होतं शॅमरॉक. कंपन्यांना तेव्हाही भीती होतीच. उद्या आमच्यावर खटला भरला तर काय, म्हणून त्यांनी सरकारकडे अभय मागितलं होतं. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने हे सगळं बाहेर काढलं आणि 1978 साली फिसा नावाचा कायदा झाला. परकी हेरांवर पाळत ठेवायची तर खास न्यायालयाचा आदेश घ्या, असं तो सरकारला सांगत होता. पण त्या कायद्याची खरी मेख दुसरीकडे होती. बेकायदा पाळतीला हातभार लावणाऱ्यावर नागरिकाला दावा लावता येईल आणि प्रत्येक पीडिताला कमीत कमी हजार डॉलर भरपाई मिळेल. कोट्यवधी ग्राहक असलेल्या कंपनीसाठी हा आकडा छातीत धडकी भरवणारा होता, आणि तो तसाच असायला हवा होता. सरकारचा माणूस दारात आला की कंपनीच्या वकिलाने आधी विचारावं, “साहेब, न्यायालयाचा कागद कुठे आहे?”

एका टेलिफोन कंपनीने हे विचारलंही. क्वेस्ट. तिच्या तत्कालीन प्रमुखांच्या वकिलाने 2006मध्ये सांगितलं की कायदेशीर आधार दाखवला नाही म्हणून त्यांनी नकार दिला होता. संकटाच्या काळात कंपन्या बिचाऱ्या दुसरं काय करणार, असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

सरकारने न्यायालयाला सांगितलं, हे राज्यगुपित आहे, खटला काढून टाका. 20 जुलै 2006 रोजी न्यायाधीश व्हॉन वॉकर यांनी नकार दिला. देशभरातून आणखी दावे आले, जवळपास चाळीस, आणि ते त्यांच्याच समोर एकत्र केले गेले.

न्यायालयात थांबेना म्हटल्यावर कंपन्यांनी आणि सरकारने संसदेची वाट धरली. मागणी होती पूर्वलक्षी संरक्षणाची. झालं गेलं त्याबद्दल कंपन्यांवर कुणी खटला चालवू नये. बाजू मांडणारे म्हणत, त्यांनी देशभक्तीपोटी मदत केली. आज त्यांना कोर्टात ओढलंत तर उद्या संकटात मदतीला कोण येईल? हा मुद्दा बिनमहत्त्वाचा नाही. पण मदत कायदेशीर होती की नव्हती हे ठरवायला न्यायाधीश बसलेच होते. त्यांच्यापुढची फाईल उचलून न्यायची गरज कुणाला पडते?

क्लाइन नोव्हेंबर 2007मध्ये स्वतः वॉशिंग्टनला गेले आणि लोकप्रतिनिधींना, पत्रकारांना आपण काय पाहिलं ते सांगत राहिले. डिसेंबरमध्ये कनेटिकटचे सिनेटर ख्रिस डॉड आयोवातला स्वतःचा राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार अर्धवट सोडून परतले आणि तासन्‌तास सभागृहात बोलत उभे राहिले. संरक्षण देणारं विधेयक त्या दिवशी मागे घ्यावं लागलं. मार्च 2008मध्ये प्रतिनिधीगृहाने संरक्षण वगळून विधेयक मंजूर केलं, 213 विरुद्ध 197. फोन करणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या लोकांना वाटलं, जमलं!

जमलं नव्हतं. जूनमध्ये तडजोड झाली आणि संरक्षण पुन्हा आत आलं.

[दृश्य: 2008च्या प्रचारसभा. फलक, गर्दी.]

बराक ओबामा यांच्या प्रचाराकडून आधी सांगण्यात आलं होतं की असं संरक्षण देणाऱ्या विधेयकाची ते अडवणूक करतील. आता ते म्हणाले, पाठिंबा देईन. त्यांच्याच समर्थकांनी, त्यांच्याच प्रचाराच्या संकेतस्थळावर गट काढला: सिनेटर, विरोधात मत द्या. काही दिवसांत वीस हजारांहून अधिक लोक जमले. ही माणसं विरोधकांची नव्हती. दारोदार फिरून ओबामांसाठी मतं मागणारी होती. आपल्या माणसाला आपणच जाब विचारायचा, याला मोठी हिंमत लागते. ओबामांनी त्यांना लेखी उत्तर दिलं, पण मत बदललं नाही.

9 जुलै 2008. सिनेटमध्ये संरक्षणाचं कलम काढून टाकण्याची दुरुस्ती 32 विरुद्ध 66 मतांनी पडली. ओबामा त्या दुरुस्तीच्या बाजूने होते. मग ती पडल्यावर मूळ विधेयकालाही त्यांनी हो म्हटलं. हिलरी क्लिंटन यांनी विरोधात मत दिलं. विधेयक मंजूर झालं, 69 विरुद्ध 28. दुसऱ्या दिवशी बुश यांची सही झाली.

कायद्यातली तरतूद अशी होती: ॲटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याने, न्यायालयाला लिहून द्यायचं की 11 सप्टेंबर 2001 ते 17 जानेवारी 2007 या काळात कंपनीला सरकारने हे कायदेशीर असल्याचं सांगितलं होतं. तेवढ्यावर खटला निकाली. सरकारचं ते सांगणं खरं होतं का, हे तपासायचंच नाही. जून 2009मध्ये वॉकर यांनी दावे काढून टाकले. 2012 साली सर्वोच्च न्यायालयानेही दखल घ्यायला नकार दिला. कंपन्यांना माफी मिळाली. पण नेमकी कशाची, हे माफी देणाऱ्या बहुतेकांनाही पुरतं माहीत नव्हतं.

त्याच कायद्याचं 702 हे कलम आजवर पुन्हा पुन्हा वाढवलं गेलं. त्याखाली लक्ष्य करता येतो तो अमेरिकेबाहेरचा परकी माणूस, आणि त्यासाठी माणसागणिक वॉरंट लागत नाही. न्यू जर्सीतल्या मुलाशी रविवारी बोलणाऱ्या पुण्यातल्या आई-वडिलांना अमेरिकी नागरिकाचं संरक्षण नाही. आणि पलीकडचा माणूस लक्ष्य असेल तर अलीकडच्या अमेरिकी नागरिकाचं बोलणंही आपसूक त्या साठ्यात जातं. तो साठा अमेरिकी माणसासाठी चाळायचा तर आधी वॉरंट घ्या, अशी दुरुस्ती एप्रिल 2024मध्ये प्रतिनिधीगृहात आली. मतं पडली 212 विरुद्ध 212. बरोबरी म्हणजे दुरुस्ती नामंजूर.

[दृश्य: पुन्हा फॉल्सम स्ट्रीट. संध्याकाळ.]

कंपन्या सुटल्यावर नागरिकांनी थेट एनएसएवर दावा लावला होता. त्यात क्लाइन यांचं प्रतिज्ञापत्र पुन्हा पुढे आलं. फेब्रुवारी 2015मध्ये न्यायालयाने म्हटलं, त्या खोलीत काय होतं, ती कशासाठी होती, हे क्लाइन स्वतःच्या माहितीवरून सांगू शकत नाहीत. त्या खोलीतलं काम त्यांच्याकडे कधीच नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांना कुणी बोलावलं नाही. 2022मध्ये तो दावाही संपला.

मार्च 2025मध्ये मार्क क्लाइन वारले. वय 79. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्या तारांबद्दल सांगायला त्यांना एकदाही बोलावलं गेलं नाही.