आधी मुळी, मग दार

मंडळी, ‘विषाणू म्हणजे किल्ली आणि पेशी म्हणजे कुलूप’ हे कोविडच्या दिवसांत आपण इतकं ऐकलं की तेवढंच खरं वाटायला लागलं. मला ते अर्धवट वाटतं. कुलूप उघडायला आधी दारापाशी उभं तर राहता आलं पाहिजे! पावसात आपली वाळवंटी नदी भरून येते. त्या लोंढ्यात सापडलेला माणूस काठावरच्या घराचं दार शोधत बसत नाही, हाताला लागेल ती मुळी धरतो. आतड्यातही असाच लोंढा. अन्न सरकतंय, पित्त उतरतंय, वरचा बुळबुळीत थरसुद्धा सारखा वाहून जातोय. तिथं विषाणूला मुळी लागते, आणि ती साखरेची असते.

चहातली साखर नव्हे. पेशीवरच्या प्रथिनांना साखरेच्या फांद्या फुटलेल्या असतात, त्यांच्या शेंड्यावर पुष्कळदा सियालिक आम्ल असतं. ग्रीकमध्ये ‘सियालॉन’ म्हणजे लाळ. गुन्नार ब्लिक्स यांना १९३६ साली ते लाळेतल्या बुळबुळीत प्रथिनातच सापडलं, म्हणून हे नाव.

आता डुकरांकडे वळू. हसू नका, जनावरांच्या डॉक्टरला बोलावलंत तर हेच ऐकावं लागणार. अमेरिकेत १९४६ साली पिल्लांच्या एका रोगाचं वर्णन झालं. उलट्या, पाण्यासारखी हगवण, आणि दोन आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर सहसा हाती लागत नाही. याला टीजीई म्हणतात, म्हणजे जठर-आतड्यांचा संसर्गजन्य दाह. कारण एक कोरोना विषाणू. त्याचं दार १९९२ साली कळलं: अमिनोपेप्टिडेज एन, आतड्याच्या पेशीवरचं पचनाचंच एक विकर, म्हणजे एन्झाइम.

पण त्याआधी, १९८४ साली, बेल्जियममध्ये या विषाणूचाच भाऊबंद सापडला होता. दार तेच, किल्लीही शाबूत. फक्त विषाणूच्या अंगावरच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनातला, सुरुवातीकडचा दोनशेहून जास्त अमिनो आम्लांचा तुकडा गळालेला. हा भाऊ फुप्फुसात सुखानं वाढतो, आतड्यात मात्र त्याचा जम बसत नाही. का?

जर्मनीतले विषाणुशास्त्रज्ञ गेओर्ग हेरलर यांच्या गटानं याचा छडा लावला. प्रयोग साधा. खळग्यांच्या ताटलीत रक्तातल्या तांबड्या पेशी आणि विषाणू एकत्र ठेवायचे. विषाणूनं पेशींची साखर धरली तर तळाशी पेशींची जाळी पसरते. नाही धरली तर पेशी तळाशी गोळा होतात, थेट कुंकवाची टिकली. टीजीईच्या विषाणूनं टिकलीच दाखवली! मग त्यांनी विषाणूलाच आधी सियालिक आम्ल तोडणाऱ्या विकरात घातलं, आणि जाळी पसरली. म्हणजे हात होता, पण त्यात आधीच कुठली तरी साखर अडकलेली होती. धुतल्यावर मोकळा झाला. भाऊबंदाला हा हातच नाही, तो गळालेल्या तुकड्यात गेला.

तुकडा मोठा होता, त्यात आणखीही काही गेलं असेल, अशी शंका तुम्हाला आली असेल. रास्त आहे. १९९७ साली याच गटानं एखाददुसरंच अमिनो आम्ल बदललेले विषाणू तपासले. काचेच्या बशीतल्या पेशींत ते छान वाढत होते. बशीत लोंढा कुठला? पण साखर धरण्याची ताकद गेली होती, आणि तिच्याबरोबर पिल्लाचं आतडं बिघडवण्याचीही.

गायीच्या कोरोना विषाणूची गंमत वेगळीच. तोही सियालिक आम्ल धरतो, पण अ‍ॅसिटिल नावाचा छोटासा रासायनिक गट जोडलेलं. शिवाय त्याच्या अंगावर दुसरं एक प्रथिन असतं, ते तोच गट कातरून टाकतं. एका हातात मुळी, दुसऱ्या हातात कोयती. बुळबुळीत थरातही तीच साखर भरलेली असते ना. तिथली मुळी वेळेवर तोडली नाही, तर स्वारी पेशीपर्यंत पोचण्याआधीच त्या थराबरोबर वाहत शेणात जाते.