साडेसातपट जड गॅलेना फेसावर कसं चढतं?

नमस्कार मंडळी. गॅलेना हे शिशाचं धातुक, पाण्याच्या साडेसातपट जड. क्वार्ट्झ जेमतेम 2.65 पट. दोन्हींची बारीक पूड पाण्यात ढवळा, थोडी रसायनं घाला, खालून हवा सोडा. फेसाबरोबर वर कोण येतं? गॅलेना! हलकं क्वार्ट्झ खालीच राहतं.

खनिजं वेगळी करण्याच्या या पद्धतीला फेनतरण म्हणतात. शाळेत ते दोन ओळींत उरकतं: जलविरोधी कण बुडबुड्यांना चिकटून वर, जलस्नेही कण खाली. पण कुठला कण जलविरोधी, हे ठरतं कशावरून? कणाच्या अगदी वरच्या, रेणूभर जाडीच्या थरावरून. आतला सगळा ऐवज इथे जवळपास गौण असतो.

[स्क्रीनवर: खनिजावर पाण्याचा थेंब]

थेंब खनिजावर टेकतो तिथला हा कोन बघा, स्पर्शकोन. क्वार्ट्झ फुटलं की त्याचे तुटलेले बंध लगेच पाण्याला धरतात. थेंब पसरतो, कोन शून्याजवळ जातो आणि बुडबुड्याला चिकटायला जागाच उरत नाही.

ग्रॅफाइट आणि मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनम धातूचं सल्फाइड) मुळातच जलविरोधी. दोन्ही पापुद्र्यांचे. पापुद्र्याच्या सपाट बाजूवर मोकळे बंध नसतात, कडांवर मात्र असतात. म्हणून मॉलिब्डेनाइट गरजेपेक्षा बारीक दळलं की कडांचा वाटा वाढतो आणि ते नीट तरंगेनासं होतं.

बाकी बहुतेक खनिजांना कलेक्टर लागतो, म्हणजे कणावर बसून त्याला जलविरोधी करणारं रसायन. सल्फाइडांसाठी, म्हणजे धातू आणि गंधकाच्या खनिजांसाठी, झँथेट. याच्या रेणूचं गंधक असलेलं टोक खनिजावरच्या धातूला धरतं आणि हायड्रोकार्बनची शेपटी पाण्याकडे राहते. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते: इथाइल झँथेटचा थर नीट बसला, की खनिज गॅलेना असो वा पायराइट (लोखंडाचं सल्फाइड), स्पर्शकोन सुमारे 60 अंशच येतो. कारण बुडबुड्याची गाठ आता खनिजाशी पडतच नाही, शेपट्यांशी पडते.

आता स्फॅलेराइट, म्हणजे जस्ताचं सल्फाइड. हे अवघड गिऱ्हाईक. जस्ताचं झँथेट पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, त्यामुळे साधा कलेक्टर त्यावर टिकत नाही. उपाय म्हणजे मोरचूद, अर्थात कॉपर सल्फेट. पृष्ठभागावरचे जस्ताचे आयन निघून पाण्यात जातात, त्यांच्या जागी तांब्याचे बसतात. कण आतून स्फॅलेराइटच असतो, पण झँथेटला तो तांब्याचं सल्फाइड वाटतो आणि घट्ट धरला जातो.

शिसं-जस्ताच्या मिश्र धातुकात याचा मोठा उपयोग होतो. आधी झिंक सल्फेटसारखी रसायनं घालून स्फॅलेराइट दाबून ठेवायचं आणि गॅलेना काढून घ्यायचं. मग मोरचूद घालून स्फॅलेराइटला जागं करायचं. त्या वेळी चुना घालून पीएच चढवतात, म्हणजे पायराइट खाली राहतं.

हवेचाही परिणाम होतो. धातुक दळल्यावर बराच वेळ उघडं पडलं, तर सल्फाइडवर ऑक्साइड-हायड्रॉक्साइडचा थर धरतो आणि झँथेटची पकड सुटते. मॅलाकाइटसारख्या (तांब्याचं कार्बोनेट) मुळातच ऑक्सिडाइज झालेल्या धातुकांवर आधी सोडियम सल्फाइड घालून सल्फाइडचा पातळ थर चढवतात, मग झँथेट.

आणि प्लांटमध्ये डोकं खाणारी गोष्ट: धातुकात तांब्याची खनिजं असतील, तर त्यांतून सुटलेले आयन मोरचुदाचं काम न विचारता करून टाकतात. वापरलेलं पाणी परत फिरवलं तरी तेच. स्फॅलेराइट वेळेआधीच जागं होतं आणि शिशाच्या फेसात जस्त येऊ लागतं. अशा वेळी कलेक्टरचा डोस कमी-जास्त करत बसण्याआधी पाण्यात विरघळलेलं तांबं मोजा, असं मी आग्रहाने सांगेन.