नाताळचं झाड सज्ज्यावर चढवताय? आधी मे महिना आठवा

नमस्कार मंडळी! आज ६ जानेवारी. माझ्या मागे हे जे झाड दिसतंय ना, ते आज रात्रीपर्यंत हॉलमधून गेलं पाहिजे असा आमच्या आईंचा, म्हणजे सासूबाईंचा हुकूम आहे. प्रकटीकरणाचा सण झाला, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, तारा बघत आले, भेटी देऊन गेले, आता झाड कशाला? काही घरांत २ फेब्रुवारीपर्यंत ठेवतात. आमच्याकडे नाही चालत. आणि आठ दिवसांवर संक्रांत आलीय. पोट्टे आत्तापासून पतंगी जमवून राहिलेत आणि चक्री ठेवायला त्यांना नेमका हाच कोपरा पाहिजे.

तर झाड काढायचं, गुंडाळायचं, ठेवायचं. यावर इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत. सगळे सांगतात, गॅरेजमध्ये ठेवा, तळघरात ठेवा, थंडीपासून जपा. आता आपल्याकडे तळघर कोणाकडे आहे, बाप्पा? आणि थंडीचं काय घेऊन बसलात? २३ मे २०१३ ला आपल्या नागपुरात ४७.९ अंश नोंदलेत. २०२४ च्या मे अखेरीस एका यंत्राने ५६ अंश दाखवले होते. नंतर सेन्सर बिघडल्याचं कळलं, पण आमच्या गल्लीत तरी तो आकडा ऐकून कोणी फार चकित झालं नव्हतं!

म्हणून माझं म्हणणं एवढंच. झाड बांधायचं जानेवारीत, पण बांधताना मे महिना डोळ्यापुढे ठेवायचा.

हे मला कसं कळलं ते सांगते. लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मी हौसेने सगळी सजावट एकाच मोठ्या पिशवीत भरली. झाड, चेंडू, माळा, आणि आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, चार मेणबत्त्या. तीन जांभळ्या, एक गुलाबी, अर्ध्याच जळालेल्या. म्हटलं पुढच्या वर्षी कामी येतील. पिशवी गेली सज्ज्यावर, म्हणजे छताखालच्या माळ्यावर. आमचं घर वरच्या मजल्याचं. सज्ज्याच्या वर हातभर जागा, तिच्यावर सरळ गच्चीचा स्लॅब. डिसेंबरमध्ये पिशवी उघडली तर झाडाच्या मधल्या भागाला जांभळा लेप! चार मेणबत्त्यांपैकी हातात आल्या त्या फक्त वाती. आई काही बोलल्या नाहीत. नुसतं "हं" म्हणाल्या. ते "हं" अजून आठवतं.

मेणबत्तीचं मेण साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास वितळतं, पण मऊ पडून वाकायला त्याच्या बरंच आधी लागतं. आणि उन्हाने तापलेल्या स्लॅबखालचा सज्जा घरातल्या बाकीच्या जागेपेक्षा कितीतरी गरम असतो. तेव्हा मेणबत्त्या, मेणाची खेळणी, ग्लू गनने चिकटवलेली हातची सजावट, यातलं काहीही सज्ज्यावर नको. कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवा. (आणि कोणाच्या झाडाला मेण लागलंच असेल तर खरवडू नका. बर्फाचे तुकडे पिशवीत घालून त्या जागी धरा, मेण कडक होतं, मग बोटाने चुरा. अर्धा दिवस गेला माझा, पण निघालं.)

बरं, आता झाडाकडे या. कॅमेरा जरा जवळ घे रे.

ही फांदी बघा. दोन तारा एकमेकींना पीळ घालून वळल्यात आणि त्या पिळात प्लास्टिकच्या हिरव्या पट्ट्या, म्हणजे झाडाच्या सुया, पकडल्यात. बाटली धुवायचा ब्रश आठवतो? तीच करामत. आणि हे मी उगाच नाही म्हणत. १९ व्या शतकात जर्मनीत हंसाच्या पिसांना हिरवा रंग देऊन अशी झाडं करायचे, आणि पुढे १९३० च्या दशकात ब्रश बनवणाऱ्यांनी ब्रशच्याच यंत्रावर झाडं काढली. म्हणजे आपलं झाड आणि न्हाणीतला ब्रश हे नात्याने चुलतभाऊ. आईंना हे सांगू नका.

याचा आपल्याला उपयोग काय? फांदी एकाच जागी सारखी पुढे-मागे वाकवली की तार तिथेच कमजोर होते, पीळ सैल पडतो आणि सुया गळायला लागतात. म्हणून फांदी एकदाच, बुंध्यापासून वरच्या दिशेने मिटायची. छत्री मिटतो तशी. खालून सुरुवात करा, एकेक फांदी उचला, तिच्या उपफांद्या तिच्याच अंगाला लावा.

आणि दुसरी गोष्ट, सुया पीव्हीसी प्लास्टिकच्या. मे महिन्यात त्या वितळणार नाहीत, घाबरू नका. पण उष्णतेत मऊ पडतात, आणि वर वजन असेल तर दबलेल्या अवस्थेतच चार महिने राहतात. मग डिसेंबरात झाड उभं केलं की एका बाजूने चपटं. म्हणून झाडावर काही ठेवायचं नाही. जुनी सूटकेस नाही, पितळी पातेलं नाही, पुढच्या वर्षी रद्दीत द्यायचेत म्हणून ठेवलेले पेपरचे गठ्ठेही नाहीत. झाड सगळ्यांच्या वर.

पण बांधण्याआधी धूळ झटकायची. नागपुरात वर्षभर कुठे ना कुठे रस्ता खोदलेला असतो आणि ती बारीक पांढरी सिमेंटची धूळ या सुयांवर अशी बसते की विचारू नका. पाणी मारायचं नाही. रंगाचा दोन इंची ब्रश घ्या, कोरडा, नवा, आणि वरून खाली झटका. खाली जुनी चादर अंथरा. जास्तच मळलं असेल तर अगदी पिळून घेतलेलं फडकं. त्यानंतर एक दुपार तसंच उभं राहू द्या. जानेवारीची आपली हवा कोरडी असते, तेवढं पुरतं. फक्त गच्चीवर उन्हात दिवसभर ठेवू नका, हिरवा रंग विटतो.

मग भाग सुटे करा, शेंडा आधी, मग मधला, मग खालचा. आमचं सहा फुटी आहे, तीन तुकडे. प्रत्येकाच्या दांड्याला रंगीत दोरा बांधते. लाल खाली, पिवळा मध्ये, हिरवा वर. चिकटपट्टी का नाही? तिचा गोंद उन्हाळ्यात ओघळतो आणि नंतर दांड्यावर जो चिकट काळा थर राहतो तो जन्माचा सोबती. रबरबँडचं तर नावच घेऊ नका. मे संपेपर्यंत तो फांदीला चिकटून बसतो आणि ओढला की सुयांसकट येतो. सुतळी सुया कापते. सगळ्यात चांगली जुन्या सुती साडीची पट्टी. रुंद, मऊ, गाठ सुटायलाही सोपी.

स्टँडचे तीन स्क्रू. हे तीन स्क्रू दर वर्षी कोणत्या जगात जातात कोण जाणे. छोट्या पुरचुंडीत घालून स्टँडलाच बांधा. दुसरीकडे कुठेही ठेवले तर ठेवलेली जागा फक्त त्या दिवशी आठवते.

आता झाड घालायचं कशात? मूळ खोक्यात ते परत जात नाही. गेलंच कधी तर तो चमत्कार समजा. आणि पुठ्ठ्याचं खोकं सज्ज्यावर ठेवणं म्हणजे वाळवीला ताट वाढून देणं. कोणी म्हणेल, संत्र्याची खोकी आहेत ना! हो, नागपुरात प्रत्येकाच्या घरी आहेत. पण त्या खोक्यांना हवेसाठी भोकं असतात, त्यातून पाली आणि झुरळं आरामात आत जातात, आणि कुठेतरी तळाला एक चिरडलेली फोड वाळून बसलेली असते. नको. मी काय करते, आधी जुन्या चादरीत गुंडाळते, मग रजईची चेनवाली बॅग. इथे आमच्याकडे दर वर्षी भांडण होतं, कारण महिनाभरात रजयाही आत जायच्या असतात. यंदा मी एक जास्तीची बॅग घेऊनच ठेवली. भांडणापेक्षा स्वस्त पडते.

चेंडूंचं पटकन सांगते. प्लास्टिकचे असतील तर कापडी पिशवीतही चालतात, फार लाड नको. काचेचे असतील तर प्रत्येक वेगळा, जुन्या मऊ कापडात. वर्तमानपत्रात नको, पांढऱ्या आणि सोनेरी चेंडूंवर शाई उतरते. छोटे चेंडू संत्रा बर्फीच्या रिकाम्या डब्यात मस्त बसतात, मात्र डबा धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून. साखरेचा कणही राहिला तर मुंग्यांची वरात.

लाइटच्या माळा. यात सगळ्यात जास्त लोक चुकतात, म्हणून इथे थांबते जरा. काढण्याआधी एकदा लावून बघा. अर्धी माळ बंद असेल तर आत्ताच दुरुस्त करा नाहीतर टाकून द्या. बंद माळ नीट गुंडाळून वर्षभर जपणाऱ्या बाया मी बघितल्यात. त्यातली एक मीच होते. मग माळ कोपराला आणि पंजाला गुंडाळायची नाही. आपण सगळे तसंच करतो, पण त्याने वायरला प्रत्येक वेढ्यात एक पीळ बसतो आणि डिसेंबरात त्याचाच गुंता होतो. साडीच्या घडीत येतो ना तो पुठ्ठा, त्याच्या दोन्ही टोकांना खाच पाडा आणि मराठी चारच्या आकड्यासारखे, आडवेतिडवे वेढे घ्या. एक वेढा उलटा, एक सुलटा, पिळाला पीळ कटतो. प्लग सगळ्यात शेवटी, बाहेर दिसेल असा. म्हणजे पुढच्या वर्षी गुंडाळी न सोडताच लावून बघता येते. पातळ तांब्याच्या तारेच्या माळा असतात त्यांना खाच नको, तार तुटते. वर्तमानपत्राची जाड सुरळी करा, तिच्यावर सैल गुंडाळा. आणि सेलवर चालणारं जे जे आहे त्यातले सेल आजच काढा. आत राहिलेला सेल फुटून पाझरला की पांढरी पावडर धरते आणि डबीचे पत्रे खाऊन टाकते.

गव्हाणीचं आमच्या आई स्वतः करतात, मला हात लावू देत नाहीत. त्यांच्याकडून शिकलेलं एवढंच, की तणस ठेवायचं नाही. कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यात किडे असतात. पुढच्या वर्षी मूठभर नवं मिळतं. मूर्ती एकेक करून जुन्या धोतराच्या कापडात, आणि बाळ येशू सगळ्यांच्या वर. का? तर मेंढरांच्या पायांनी नाकाचा टवका उडू नये म्हणून. मला वाटायचं काहीतरी धार्मिक कारण असेल.

आता एक मोठी चूक, जवळजवळ प्रत्येक घरातली. डांबरगोळ्या! सजावटीत डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ थर्माकोलला खाते. थर्माकोलचा तारा असेल तर त्याला खड्डे पडतात, काही प्लास्टिक चिकट होतात. शिवाय लहान मुलं त्याला गोळी समजून तोंडात घालतात, ते तर फारच वाईट. त्यापेक्षा बॅग घट्ट बंद ठेवा आणि आत खायचं काही ठेवू नका. कागदाच्या चांदण्यांना खळ लावलेली असते, ती कसरीला आवडते. त्या बल्ब-होल्डर काढून, घडी घालून, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये गादीखाली. सपाटही राहतात.

कमेंटमध्ये नक्की विचाराल म्हणून आधीच सांगते: जागा कोणती? वरच्या मजल्यावर राहत असाल तर सज्जा शेवटचा पर्याय. दिवाणाच्या पेटीत, नाहीतर दाराआड उभं. सज्ज्याशिवाय इलाजच नसेल तर पश्चिमेच्या भिंतीपासून लांब, आणि खाली लाकडाचे दोन तुकडे, कारण पावसाळ्यात सज्ज्याला ओल येते.

तळमजल्यावर असाल तर मात्र उलटं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरलात का? अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचं पाणी घराघरात शिरलं, लोकांच्या दिवाणाखालचं सगळं गेलं. तळमजल्याला दिवाणाची पेटी नको. कपाटाचा वरचा खण, कमरेच्या वर. म्हणजे वर ऊन, खाली पाणी. आपल्या गावात झाडाला मधल्या मजल्यावरच फ्लॅट घेऊन द्यायला पाहिजे.

आणि "तात्पुरतं" कुठे ठेवू नका. आमच्या मामांनी एकदा चमकीच्या माळा तात्पुरत्या बंद कूलरमध्ये ठेवल्या. मार्चअखेर पहिली गरम दुपार, मामांनी कूलर चालू केला. मामी अजून म्हणतात, त्या दिवशी आमच्याकडे दुसऱ्यांदा नाताळ झाला.

शेवटचं काम. एक छोटी पिशवी वेगळी करायची: तारेचे हूक, एक्स्टेंशन, कात्री, स्टँड उघडायचा पाना. ही बॅगेच्या अगदी वर. आणि झाड उतरवण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून घ्या. कुठला चेंडू कुठे लावला होता यावर डिसेंबरात घरात वाद होतात, फोटो असला की मिटतात. बहुतेक.

आमच्याकडे बॅग वर्षातून एकदा उघडायचा दिवस ठरलेला आहे. जुलैत कूलरची टाकी कोरडी करून तो झाकून ठेवतो ना, त्याच दिवशी झाडाची चेन पाच मिनिटं उघडायची, वास घ्यायचा, कुबट आला तर पंख्याखाली. एरवी वर्षभर कोणी लक्षही देत नाही, तेवढीच एक फेरी.

चला, आई हाक मारताहेत. अहो, शिडी धरता का जरा? नाही, कॅमेरा चालूच राहू दे, तुमचीही थोडी मेहनत दिसू दे लोकांना.