टूकनच्या गळ्यातलं बी

नमस्कार श्रोतेहो. जायफळ आणि जायपत्री काही मी तुम्हांला नव्याने सांगायला नको. जायपत्री नावाचीच पत्री. ते पान नव्हे, बीला बिलगलेली लाल जाळी आहे ती. मुलांना आकृत्या काढायला लावण्याआधी असं अख्खं फळ त्यांच्या हातात द्यावं, असं मी कायम म्हणत आलोय. असो.

याच कुळातली झाडं म्हणजे व्हिरोला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांतली. साल कापली की लालसर चीक वाहतो, लाकडाचं प्लायवूड होतं. पण मला सांगायचंय ते टूकन या पक्ष्याबद्दल.

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, पाणी चढत गेलं आणि एका टेकडीचं बेट झालं. बार्रो कोलोरादो त्याचं नाव. १९२३ पासून तिथे संशोधन चालतं. तिथल्या व्हिरोलाचं फळ पिकलं की मधोमध दोन शकलांत उलतं आणि आत लालभडक आवरणातलं बी दिसतं. टूकन येतो, लांबलचक चोचीच्या टोकाने ते अलगद उचलतो, मान मागे टाकतो आणि बी गळ्यात सोडतो. मग उडून जातो. कुठल्या तरी दुसऱ्या फांदीवर बसतो. पोटात लाल आवरण तेवढं सुटतं आणि थोड्या वेळाने बी तोंडावाटे बाहेर पडतं, अगदी धडधाकट.

हेन्री हाऊ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बियांचा माग काढला. आईच्याच झाडाखाली पडलेल्या बियांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त १२ आठवड्यांत संपतात. सोंडेवाले किडे त्या पोखरतात. पण तेच बी ४५ मीटर लांब पडलं तर? जगण्याची संधी ४४ पट! पुन्हा सांगतो: अंतर फक्त ४५ मीटर, संधी ४४ पट.

झाडं किती तोडली याचा हिशोब आपण मागतो. पक्षी किती मारले, हेही तितक्याच जोराने विचारायला हवं. टूकन गेला की व्हिरोलाला फळं लागतील, पिकतील, उलतील आणि बरीचशी बी खालीच, किड्यांच्या पुढ्यात पडेल.

टूकन असला, तर त्यातलं एखादं बी लाल आवरण उतरवून, काळपट, ओलसर, भलत्याच झाडाखाली पालापाचोळ्यात पडलेलं असतं.