प, ब, म आणि तीन फ्रेमचा फरक

श्रोतेहो, नमस्कार.

1932 साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, तेव्हा आपल्याकडे पार्श्वगायन नव्हतंच. नटीनं अभिनय करायचा आणि त्याच दमात गायचंही. वादक चौकटीबाहेर बसलेले. 1935 मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं गाणं आधी मुद्रित करून मग चित्रित करायची रीत आणली, आणि गळा एकीकडे, ओठ दुसरीकडे झाले. दुर्गाबाई पुढे कॅमेऱ्यामागेही गेल्या. स्वतःची संस्था काढून त्यांनी लघुपट, जाहिरातपट केले.

आपल्या भागात हा प्रवास अल्बम गाण्याच्या वाटेनं होऊ शकतो. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकलेली नटी गाणं दिग्दर्शित करायला घेते, तेव्हा लेन्स, लाइट हे तिला कॅमेरामन शिकवील. पण दम कुठं घ्यायचा हे तिला आधीच ठाऊक असतं, आणि गाण्याच्या व्हिडिओत निम्मं काम तेच आहे.

म्हणून पहिला नियम: नायिकेनं नुसते ओठ हलवायचे नाहीत, मोठ्यानं गायचं. बेसूर गायली तरी चालेल, तो आवाज कुठं वापरायचाच नाही. पण न गाता ओठ हलवले की गळ्याची शीर ताणत नाही, छाती वरखाली होत नाही, आणि पडद्यावर पाण्याबाहेरची मासोळी दिसते.

आता ओठ जुळतात की नाही ते बघायचं कुठं? प, फ, ब, भ, म. ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. ‘आ’ दोन फ्रेम, म्हणजे व्हिडिओतली दोन स्थिर चित्रं, मागंपुढं झाला तर खपून जातो, ‘म’ खपत नाही. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद. तेवढ्या वेळात आवाज साधारण 14 मीटर जातो. हा आकडा लक्षात ठेवा, सगळी गडबड इथंच होते.

समजा, नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर लाँग शॉट लावलाय. नायिका 40 मीटर दूर, स्पीकर कॅमेऱ्याजवळ. गाणं तिच्यापर्यंत पोचतं तीन फ्रेम उशिरा, ती त्यावर गाते, आणि कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मात्र ते वेळेवर भरलेलं असतं. एडिटर त्या आवाजावर मूळ गाणं बसवतो. ओठ तीन फ्रेम मागं. बरं, स्पीकर तिच्याजवळ नेऊन लपवला, तर उलटं: माइकला गाणं उशिरा मिळतं आणि ओठ पुढं धावतात. स्पीकर तिच्याजवळच ठेवा, पण गाण्याच्या आधी सेकंदा-सेकंदाच्या अंतरानं तीन टिकटिक जोडून घ्या आणि तिसऱ्या टिकेला तिच्या शेजारी कुणाला तरी टाळी वाजवायला सांगा. एडिटरनं ती टाळी डोळ्यांनी बघायची. दोन तळहात जिथं भेटतात त्या फ्रेमवर तिसरी टिक. त्यावरही शंका आली तर ‘म’ शोधायचा.

ब्लूटूथचं दुखणं वेगळं. फोनपासून कॅमेऱ्यापर्यंत वायर जोडून गाणं थेट कॅमेऱ्यात घेतलं आणि नायिकेला ब्लूटूथ स्पीकरवर ऐकवलं, तर तिला ते एक-दोन दशांश सेकंद उशिरा मिळू शकतं. म्हणजे तीन ते पाच फ्रेम. शूटिंगला वायरचाच स्पीकर न्या बाप्पा.

स्लो मोशनमध्ये ओढणी हळू उडते आणि ओठ मात्र गाण्याबरोबर चालतात, ती जादू नाही, हिशोब आहे. कॅमेरा 50 फ्रेमवर, गाणं दुप्पट वेगानं. मग ते चित्रण 25 वर चालवलं की गाणं मूळ लयीत येतं. पण नायिकेला दुप्पट वेगानं गायचं असतं, म्हणून यासाठी लांब आलापाची ओळ निवडा. शब्दांनी ठासून भरलेला अंतरा असा गायला लावला तर जीभ अडखळते आणि चेहऱ्यावर घाबरल्याचा भाव येतो. तो भाव एडिटिंगमध्ये पुसता येत नाही.

शटर, म्हणजे एकेका फ्रेमवर उजेड पडू द्यायचा वेळ, 25 फ्रेमला पन्नासांश सेकंद, 50 ला शंभरांश. आपली वीज 50 हर्ट्‌झची, तिच्यावरचे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. फोननं आपल्या मनानं साठांश घेतलं की ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकतात. शटर हातानं लॉक करा.

आणि नागपूरचं ऊन. मेच्या मध्यात सूर्य साडेपाच-पावणेसहाला उगवतो, आणि आठनंतर डोळ्यांखाली काळ्या सावल्या. हाती उरले सव्वादोन-अडीच तास. चार मिनिटांचं गाणं सलग घ्यायचं तर घाम पुसून, पदर सावरून पुन्हा उभं राहीपर्यंत दहा मिनिटं जातात. म्हणजे फार तर पंधरा टेक. यातले पहिले तीन संपूर्ण गाण्याचे घ्या: लांबून, कमरेपासून, नुसता चेहरा. नंतरचे तुकडे फसले तरी गाणं जोडता येतं. फोनवर शूट करत असाल तर दोन टेकच्या मध्ये तो सावलीत ठेवा. उन्हात तापून बंद पडतो, आणि नेमका चांगल्या टेकला. डिसेंबरात उजाडायलाच पावणेसात वाजतात, पण ऊन तिरकं राहतं, दहापर्यंत काम चालतं.

एक गोष्ट शूटिंगच्या आदल्या रात्री. संगीतकाराकडून फायनल मिक्सच घ्या. कच्च्या ट्रॅकवर शूट केलं आणि नंतर त्यानं लय जराशी वाढवली, तर मुखड्यात एका फ्रेमचा असलेला फरक शेवटच्या कडव्यापर्यंत अख्ख्या शब्दाचा होतो.