सरकारी खरेदीतला ‘देशी’ म्हणजे कोण?

नमस्कार. संयोजकांनी मला विषय दिला तो ‘सरकारी अन्नखरेदीत देशी शेती-उद्योगांना प्राधान्य’. विषय इतका सरळ की यावर तासभर काय बोलायचं असं वाटावं. सरकारने आपल्या शेतकऱ्याकडून घ्यावं, यात वाद कसला? पण मी आठ वर्षं पुरंदर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे, म्हणजे शेतकरीच सभासद-मालक असलेल्या कंपनीचे, हिशेब पाहिलेत. त्यामुळे निविदेत ‘देशी’, ‘स्थानिक’ असे शब्द दिसले की हरखून न जाता आधी शेवटच्या पानांवरच्या अटी वाचायच्या, ही सवय लागली आहे.

आधी लांबचं उदाहरण घेते. स्मिथफील्ड ही अमेरिकेतली डुकराच्या मांसाची सर्वांत मोठी कंपनी. 2013 साली ती एका चिनी कंपनीने विकत घेतली. पुढे 2018 मध्ये व्यापारयुद्ध पेटलं, चीनने अमेरिकी मांसावर शुल्क चढवलं आणि तिथले शेतकरी अडचणीत आले. त्यांना हात द्यायला तिथल्या कृषी खात्याने सरकारी पैशाने मांस घेऊन अन्नवाटपाच्या योजनांना द्यायचं ठरवलं. पुरवठादारांच्या यादीत नाव निघालं स्मिथफील्डचं! चीनच्या शुल्काने झालेलं नुकसान भरायला काढलेला पैसा चिनी मालकाच्या गल्ल्यात. रक्कम किरकोळ होती, 2 लाख 40 हजार डॉलरच्या आसपास. पण ओरड अशी झाली की ते कंत्राट रद्द झालं. ब्राझिली मालकीच्या जेबीएस या मांसकंपनीला मात्र याच खरेदीत सहा कोटी डॉलरहून जास्त रकमेची कामं मिळाली.

यात नियम कुठेच मोडला नव्हता, हे लक्षात घ्या. नियम एवढंच विचारत होता की जनावर अमेरिकेत वाढलं का, कापलं कुठे गेलं. मालक कोण, हा प्रश्नच त्यात नव्हता. तिथल्या शाळांच्या जेवणाचंही तसंच. 1998 पासून शाळांना देशी माल घ्यावा लागतो. 2024 च्या नव्या नियमाने परदेशी मालाला आधी 10 टक्के आणि 2031 पासून 5 टक्के अशी मर्यादा घातली. पण हिशेब मालाचा, मालकाचा नाही. म्हणून आता तिथले काही लोकप्रतिनिधी म्हणतात, सरकारी पैसा देशी मालकीच्या कंपन्यांनाच द्या. ऐकायला बरं वाटतं. पण त्या चिनी मालकीच्या कंपनीसाठी कराराने डुकरं पाळणारा माणूस अमेरिकी शेतकरीच असतो. कंपनीला दार बंद केलं की पहिला फटका कोणाला, ते तुम्हीच सांगा.

आता आपल्या घरात या. ‘आनंदाचा शिधा’ आठवतोय? 2022 च्या दिवाळीत रेशनवर 100 रुपयांत किलो-किलोभर रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. आपल्याकडचं पामतेल बहुतेक येतं इंडोनेशिया-मलेशियातून. म्हणजे अमेरिकेत माल देशी आणि मालक परका. इथे तेल गाळणारा, पिशवीत भरणारा, ट्रकवाला, सगळे आपले, तेल तेवढं परकं. आणि हे कुठे, तर मराठवाडा-विदर्भात घराघरात सोयाबीन पिकतं त्या राज्यात. स्वस्त पडतं म्हणून घेतलं, हे मला मान्य आहे. शंभर रुपयांत सोयाबीनचं तेल बसवणं सोपं नव्हतं. पण मग ‘देशी’चं नाव घेताना जरा जपून घ्यावं.

सरकारी खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा आपल्या केंद्र सरकारचा 2017 चा आदेशही मालकी विचारत नाही. तो ‘स्थानिक अंश’ मोजतो. मालाच्या किमतीतला निम्मा किंवा जास्त भाग इथला असेल तर तुम्ही पहिल्या वर्गाचे पुरवठादार. कंपनी कोणाची का असेना! अन्नप्रक्रियेत आपण 100 टक्के परकी गुंतवणूक येऊ देतोच. दुसरा आदेश 2012 चा: केंद्राच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीतली 25 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी. हा मला जास्त उपयोगाचा वाटायचा. निविदेसोबत भरायची अनामत, म्हणजे बयाणा रक्कम, माफ, आणि सर्वांत कमी दराच्या 15 टक्के वरपर्यंत तुमचा दर असेल तर त्या कमी दराला माल द्यायची संधी. पण यात एक मेख आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला ‘उद्यम’ ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी 2021 पासून मिळते, तरी सरकारी खरेदीतली ही सवलत मिळत नाही. शेतकऱ्यांची कंपनी सभासदांचा वाटाणा निवडून, पोत्यात भरून विकते, तेव्हा ती उद्योग की व्यापारी? टेबलाच्या पलीकडच्या माणसाने ‘व्यापारी’ म्हटलं की संपलं.

वाटाण्याचं निघालंच आहे तर सांगते. पुरंदरचा पावसाळी वाटाणा तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय. एके वर्षी पुण्यातल्या एका सरकारी वसतिगृहाच्या भाजीपाल्याची निविदा निघाली, नाव सांगत नाही. आम्ही अर्ज करायला बसलो. वाटाणा, टोमॅटो, कांदा, गवार आमच्याकडे भरपूर. पण यादी 34 जिनसांची, आल्यापासून नारळापर्यंत. एकही वगळायचा नाही. रोज सकाळी सात वाजता पोहोच. मागच्या तीन वर्षांची उलाढाल दाखवा. आमची कंपनी तेव्हा दोन वर्षांची. आणि बिल तीन महिन्यांनी. आमचा सभासद पुण्याच्या मार्केट यार्डात, गुलटेकडीला, गाळ्यावर पोतं टाकतो आणि हमाली-तोलाई कापून त्याच दिवशी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, घेऊन घरी येतो. त्याला मी कसं सांगू की तीन महिने थांब, सरकार देशी मालाला प्राधान्य देतंय?

काम एका ठेकेदाराला गेलं. ठेकेदार अस्सल इथला, त्यात खोट नाही. तो काय करायचा, तर पहाटे मार्केट यार्डात जाऊन माल उचलायचा. श्रावणात एकदा मी स्वतः गाळ्यावर उभी होते. आमच्या पोत्यांना निळ्या सुतळीचा टाका असतो. तशी सहा पोती त्याच्या टेम्पोत चढताना पाहिली. वाटाणा आमचाच. फक्त अडत, हमाली आणि ठेकेदाराचा नफा एवढे जिने चढून तो त्या वसतिगृहात पोहोचत होता.

अंगणवाडीच्या पोषण आहाराचंही असंच झालं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सांगितलं, ठेकेदार नकोत, गावातल्या बचत गटांकडून, महिला मंडळांकडून घ्या. मग आपल्या राज्यात 2016 ची निविदा निघाली. नाव महिला गटांचं, पण अटी अशा की छोटे गट दारातच अडकावेत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कागदावर मालकी बायकांची दाखवायला फार अक्कल लागत नाही.

ब्राझीलने 2009 च्या कायद्यात वेगळी वाट काढली. शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातला निदान 30 टक्के भाग कुटुंबशेती करणाऱ्यांकडच्या खरेदीवरच खर्च करायचा, असं तेव्हा ठरलं; 2026 पासून तो 45 टक्के झाला. आणि मला आवडलेली गोष्ट पुढची आहे: त्यासाठी नेहमीची निविदा लागत नाही. बाजारभाव पाहून दर आधीच जाहीर करतात, मग कोण किती देऊ शकतो ते विचारतात. त्यात आधी त्याच गावचा शेतकरी. एका शेतकऱ्याने चार क्रेट कोबी दिला तरी चालतो. 34 जिनसा मागत नाहीत.

मघाशी चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं, शेतकऱ्यांच्याच कंपनीत परदेशी पैसा आला तर ती देशी की नाही? नाशिकच्या सह्याद्री फार्म्सच्या प्रक्रिया-कंपनीत 2022 मध्ये युरोपातल्या संस्थांनी सुमारे 310 कोटी घातले. वर शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी. तिथे कायद्यानेच सभासद फक्त उत्पादक आणि शेअर कितीही असोत, मत एकच. खाली प्रक्रिया-कंपनी साधी, तिथे पैशाप्रमाणे वजन. मालकीवर बोट ठेवणाऱ्या नियमात ही बसेल का? तिथे द्राक्षं घालणाऱ्याला विचाराल तर तो आधी भाव आणि पैसे मिळायची तारीख सांगेल.

आमचं पुढे काय झालं, तेवढं सांगते. दुसऱ्या वर्षी आम्ही निविदा भरली नाही. त्याच ठेकेदाराला गाठलं. आता तो वाटाणा आणि कांदा सासवडहून थेट आमच्याकडून उचलतो, पैसे आठवड्याला रोख देतो आणि वसतिगृहाच्या बिलासाठी तीन महिने स्वतः थांबतो. पुरवठादार म्हणून नाव त्याचं, निळी सुतळी आमची.